डिझेलची मात्रा

संस्कृताच्या मास्तराने डिझेलच्या एंजिनावर लेख लिहावा हे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उतरलो, पुढे वाईस शास्त्र्यांच्या हाताखाली थोडे काव्य आणि थोडे व्याकरण वाचले, आणि उभी हयात साताऱ्यास मुलांकडून शब्दरूपे घोकून घेण्यात घालविली. यंत्रविद्येशी माझा संबंध सायकलच्या चाकात हवा भरण्यापलीकडे कधी गेला नव्हता. परंतु पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेला मनुष्य कोणत्या वयात कोणते शास्त्र शिकेल याचा नेम सांगता येत नाही.

माझ्या थोरल्या ताईचा मुलगा एका कारखान्यात कामास होता. तो कारखाना बंद पडला. वर्षभर नोकरीसाठी हेलपाटे घातल्यावर त्याने कर्ज काढून एक जुनी मालमोटार घेतली. मालमोटार २००८ सालची, सहा सिलिंडरांची, टर्बो लावलेली. आणि तिच्या एंजिनात संगणकाचा लवलेश नाही. सिलिंडरांस डिझेल वाटून देण्याचे काम सर्वस्वी एका लोखंडी पंपाकडे. सांगलीच्या बाजारात हळद भरावयाची, ती नवी मुंबईस पोचवावयाची आणि परतताना पुण्याकडून मिळेल तो माल घेऊन यावयाचे, असा त्याचा क्रम. आमच्या घराण्यात भिक्षुकी, मास्तरकी आणि कारकुनी या तीनच वाटा मळलेल्या. चौथी वाट धरणाऱ्याकडे पाहून काही नातलगांनी नाके मुरडली. मला त्यात नाक मुरडण्याजोगे काही दिसले नाही. जो मुलगा रात्रीचा जागून पोती पोचवितो आणि आईच्या औषधाला कधी पैसे कमी पडू देत नाही, त्याच्या हाताला काळे तेल लागलेले असले म्हणून काय बिघडले? या विचारानेच कर्जाच्या कागदावर मी सही केली होती.

गेल्या पावसाळ्यानंतर गाडीची ओढ कमी झाली. परतीच्या फेरीत खंडाळ्याच्या बाजूने खंबाटकीचा घाट चढताना ती पूर्वी तिसऱ्या गिअरवर निभावून नेई. आता दुसराही झेपेना. मागे काळ्या धुराचा लोट, पुढे तापणारे पाणी, आणि डिझेलचा खर्च मात्र वाढत चाललेला. दोन हप्ते थकले व पतसंस्थेची सूचना कर्जदाराबरोबर जामीनदारासही आली. भरीस भर म्हणजे गाडीचे पासिंग पंधरा दिवसांवर येऊन ठेपलेले. धूरमापकावर आकडा ६५च्या वर गेला तर दाखला नाही, आणि दाखला नाही तर भाडे नाही.

अशा वेळी ढाब्यावर भेटलेल्या कोणा ड्रायव्हरने भाच्याला मंत्र दिला. "पंपाच्या मागच्या बाजूला एक स्क्रू असतो. तो अर्धा फेरा फिरव. गाडी वाघासारखी पळेल." भाच्याने बिचकत पाव फेरा फिरवला. दोन दिवस सपाटीवर गाडी जरा हुशार वाटली. मग धूर अधिकच दाट झाला आणि घाटात एंजिनाचा काटा तांबड्या रेघेला टेकू लागला. तरी त्याची समजूत अशी की मंत्र खरा, फक्त मात्रा कमी पडली. "मामा, आणखी पाव फेरा मारतो. पासिंगपूर्वी एक फेरी निघाली तर एक हप्ता तरी भरता येईल," असे तो ताईच्या स्वयंपाकघरात बसून मला सांगू लागला. मला त्या स्क्रूविषयी काहीच ठाऊक नव्हते. परंतु जे औषध पाव तोळा घेतल्याने ताप वाढला ते अर्धा तोळा घेऊन उतरेल, ही विचारसरणी मात्र ओळखीची होती. मी म्हटले, "एक दिवस थांब. सांगलीस पंपाचे काम करणारे एक मेस्त्री आहेत. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या ट्रॅक्टरचा पंप त्यांनी नीट केला होता. मीही येतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. कऱ्हाडाहून ताकारीच्या वाटेने जाताना किर्लोस्करवाडीचे कारखाने लागतात. तेलाचे एंजिन ही आमच्या या भागास परकी वस्तू नव्हे. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे १९४९पर्यंत बव्हंशी एकत्रच नांदत होते. त्या साली उत्तर व दक्षिण सातारा अशी फाळणी झाली आणि १९६०मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. औंधाच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये नांगरांचा कारखाना उभारला. साताऱ्याजवळ सातारारोड येथे सर धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३०च्या दशकात डिझेल एंजिने तयार होऊ लागली. पुढे १९४६मध्ये किर्लोस्करांनी पुण्याजवळ खडकीस तेल-एंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला. कृष्णाकाठच्या मळ्यांतून एका सिलिंडरच्या त्या एंजिनांचा डगडगाट माझ्या लहानपणी रात्रंदिवस ऐकू येई. आमच्या आळीतील म्हातारे त्या आवाजावरून कोणाच्या मळ्यात पाणी चालले आहे ते सांगत. त्याच वाडीतून १९२०मध्ये एक मासिकही निघाले व घरोघर वाचले गेले, हे वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेलच. नांगर आणि नियतकालिक एकाच आवारात जन्मास यावे, हे मला त्या गावाचे मोठे भूषण वाटते.

मेस्त्रींचे दुकान माधवनगरच्या रस्त्याला. वय साठीच्या आसपासचे, अंगात खाकी डगला, कानावर पेन्सिल. मी दुकान म्हटले खरे, परंतु त्या आतल्या खोलीत चपला काढून जावे लागते. खिडक्या बंद, जमीन पुसलेली. पंपातील दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांच्यामधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते, म्हणून डोळ्यांस न दिसणारा धुळीचा कणही तेथे शत्रू. आमच्या घरच्या सोवळ्याची मला आठवण झाली. फरक इतकाच की या सोवळ्याचे कारण मेस्त्री कोणासही सांगू शकत होते.

त्यांनी गाडीला हात लावण्यापूर्वी ती सुरू करावयास सांगितली आणि डोळे मिटून उभे राहिले. मग पंपाशी वाकून पाहिले व इतकेच विचारले, "स्क्रूचं सील कोणी तोडलं?" भाचा खाली पाहू लागला. मेस्त्री रागावले नाहीत. "गुरुजी," ते मजकडे वळून म्हणाले, "या गाडीला डिझेल कमी नाही. हवा कमी आहे."

येथे थोडे शास्त्र सांगणे प्राप्त आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन एंजिनियराने १८९२मध्ये जी कल्पना पेटंटासाठी मांडली आणि १८९७मध्ये आउग्सबुर्ग येथे सिद्ध करून दाखविली तिचे मर्म असे की, हवा पुरेशी दाबली म्हणजे ती आपोआप इतकी तापते की तीत सोडलेले तेल ठिणगीवाचून पेट घेते. सायकलचा पंप मारताना त्याचे बूड हातास गरम लागते, त्याचाच हा मोठा भाऊ. मालमोटारीच्या एंजिनात हवा मूळच्या सुमारे सतराव्या हिश्श्याइतक्या जागेत कोंबली जाते. पेट्रोलच्या जुन्या एंजिनात वेग कमीजास्त करण्यासाठी हवेची वाटच लहानमोठी करीत. डिझेलात हवा येईल तेवढी येऊ देतात आणि तेलाची मात्रा तेवढी बदलतात. त्यामुळे सगळा भार त्या मात्रेवर. एक लीटर डिझेल पुरते जळावयास सुमारे दहा हजार लीटर हवा लागते, आणि प्रत्यक्षात त्याहूनही बरीच अधिक हाताशी असावी लागते. ही जास्तीची हवा पुरविण्यासाठी टर्बो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५मध्ये त्याचे पेटंट घेतले. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने एक लहानसे चक्र फिरते, मिनिटाला लाख फेऱ्यांच्या घरात. आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र ताजी हवा दाबून आत लोटते. टाकावू धुराकडून वेठ घेण्याची ही युक्ती मला फार आवडली.

ज्या भगिनींनी पंपाचा स्टोव्ह वापरला आहे त्यांस काळ्या धुराचे कारण मी सांगावयास नकोच. बर्नरचे भोक वाकडे झाले, रॉकेल नीट फवारले गेले नाही, की ज्योत पिवळी पडते आणि पातेल्याचे बूड काजळते. त्या वेळी रॉकेल वाढविल्याने दूध लवकर तापत नाही. काजळी तेवढी वाढते. भाच्याची मालमोटार म्हणजे खंबाटकी चढणारा काजळलेला स्टोव्ह झाला होता.

हवा कोठे हरवत होती ते अर्ध्या तासात सापडले. हवेच्या फिल्टरचा कागद धुळीने चोंदला होता आणि त्यावर हळदीची पिवळी झाक होती. सांगलीच्या बाजारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांची ही खूण, असे मेस्त्री म्हणाले. टर्बोकडून एंजिनाकडे हवा नेणारी रबरी नळी पट्ट्याखाली उभी चिरली होती. गाडी उभी असता चीर मिटलेली, जोर आला की उघडणारी. तिसरी गोष्ट मला अधिक मनोरंजक वाटली. पंपाच्या एका टोकाला एक लहान डबी असते आणि तिच्यात पातळ पडदा. टर्बोची हवा पुरेशा दाबाने येऊ लागली की ती या पडद्याला ढकलते, आणि तो ढकलला गेला तरच पंपास अधिक डिझेल सोडण्याची मुभा मिळते. म्हणजे हवा आल्यावाचून तेल वाढू नये, अशी बनविणाऱ्यांनीच घातलेली मर्यादा. स्क्रू फिरवणाऱ्याने ही मर्यादाच ओलांडली होती.

"मग नळी बदलू, फिल्टर बदलू आणि स्क्रू होता तिथे नेऊ," भाचा म्हणाला. मेस्त्रींनी मान हलविली. "होता तिथे म्हणजे कुठे? ते आता पंपालाच विचारायला पाहिजे." आणि त्यांनी पंप उतरवावयास घेतला. दोन दिवस लागतील म्हणाले. भाच्याचा चेहरा पडला. दोन दिवसांत एक फेरी बुडत होती. मी सांगलीस एका आप्ताकडे मुक्काम केला, संध्याकाळी गणपतीचे दर्शन घेतले आणि सकाळी पुन्हा मेस्त्रींच्या खोलीत हजर झालो. रिकामा म्हातारा म्हणून त्यांनीही मला बसू दिले.

हा पंप म्हणजे मोठी विचार करण्याजोगी वस्तू आहे. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७पासून असे पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागले, आणि डिझेल एंजिन कारखान्यातून उठून मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आले ते त्यानंतरच. आपल्याकडे १९५१मध्ये बंगळुरास मायको या नावाने त्यांचा कारखाना निघाला. आजही जुने मेस्त्री पंपाला 'मायकोचा' असेच म्हणतात. आत सहा दट्टे ओळीने उभे. प्रत्येकाच्या अंगावर एक तिरपी खाच कोरलेली. दट्ट्या प्रत्येक वेळी तेवढाच वर जातो; परंतु तो स्वतःभोवती किंचित वळविला की खाच लवकर किंवा उशिरा भोकासमोर येते, आणि तेवढे तेल परत फिरते. ड्रायव्हर पायाने जे दाबतो त्याने अखेर हे सहा दट्टे एका दातेरी पट्टीने एकदम वळतात. ना वीज, ना मोजणारा. एका तिरप्या रेघेत सगळे गणित कोरून ठेवले आहे. इकडे अर्ध्या मात्रेची बचत झाली तर वैयाकरण पुत्रजन्माचा आनंद मानतात असे मी वर्गात सांगत असे. ही खाच कोरणारा त्याच पंथाचा असला पाहिजे.

मेस्त्रींनी पंप एका टेबलावर बसविला. विजेची मोटर त्याला फिरवी आणि प्रत्येक नळीचे तेल समोर टांगलेल्या काचेच्या एकेका नळकांड्यात पडे. हजार ठोके झाले की प्रवाह आपोआप बंद. मग त्या सहा काचांत तेलाची उंची वाचावयाची. पहिल्या खेपेस एका काचेत ५८ सीसी भरले होते, शेजारच्या काचेत ७१, बाकीची यांच्या दरम्यान कोठे तरी. मेस्त्री म्हणाले, "बघा गुरुजी. एक उपाशी, एक अजीर्णाने बेजार. आणि यानं स्क्रू फिरवून सगळ्यांनाच आणखी वाढलं." एका ठोक्याचे तेल पाण्याच्या एका थेंबाहून फारसे मोठे नसते. एंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरास मिनिटाला हजार वेळा तो थेंब बरोबर तेवढाच, आणि सेकंदाच्या सुमारे पाचशेव्या भागात, मिळाला पाहिजे. लोक ट्यूनिंग म्हणतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर जोर वाढविणे एवढाच अर्थ असतो. त्या खोलीत मी जे पाहिले ते जोर वाढविणे नव्हतेच. सहांची पंगत एकसारखी वाढण्याचे ते काम होते.

शेजारच्या मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या पेढ्या आहेत, त्यांतील एकीत मी एकदा जवारी लावताना पाहिली होती. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवीत कारागीर ऐकत राहतो, आणि एका विशिष्ट जागी तार एकदम बोलू लागते. मेस्त्रींचे नोझल तपासणेही तसेच. हातपंपावर नोझल लावून ते दांडा दाबीत; दोनशेच्या वर दाब गेला की नोझल उघडे आणि तेलाचा धुक्यासारखा फवारा निघे. चांगले नोझल 'चिर्र' असा कोरडा आवाज करते. सहांपैकी चार चिरकली. एक नुसतेच थुंकले, आणि सहाव्याच्या टोकाला थेंब लोंबकळत राहिला. "हा लोंबता थेंब पिस्टनचा वैरी," मेस्त्री म्हणाले. दोन दट्टे झिजले होते, तेही बदलावे लागले. मग काचा पुन्हा भरल्या, पुन्हा ओतल्या. पंपाच्या पोटातील लहानसा पट्टा सैल करून केसभर फिरवावा, आवळावा, पुन्हा हजार ठोके मोजावेत. दुपारपर्यंत सहाही काचा ६५ आणि ६६ यांच्यामध्ये आल्या.

खरा प्रसंग त्यानंतर घडला. भाचा इतका वेळ मुकाट्याने पाहत होता. काचा सारख्या झाल्यावर तो म्हणाला, "मेस्त्री, आता सगळीकडे सारखे आहे, तर सगळीकडे पाच-पाच सीसी वाढवा. नवी नळी आहे, हवा येईल. जास्तीचा माल भरता येईल. माझे दोन हप्ते थकले आहेत." त्याच्या आवाजात उद्दामपणा नव्हता, काकुळती होती, आणि तीच मला अधिक लागली. कारण हिशेब त्याचा खोटा नव्हता. खरेच दोन जड फेऱ्या निघाल्या असत्या तर हप्ते फिटले असते, आणि माझी मानही सुटली असती. मी क्षणभर गप्प राहिलो.

मेस्त्री उठले आणि फळीवरून एक पिस्टन काढून त्यांनी भाच्याच्या हातात दिला. वरच्या बाजूस रुपयाएवढे भोक, कडा मेणासारख्या ओघळलेल्या.

"कोणाचा हो?" मी विचारले.

"असाच एक पाच सीसीवाला होता. घाटात भरली गाडी. पाच सीसी मी वाढवून देईन हो, त्याला दोन मिनिटं लागतात. पण चढाला एंजिनाचे फेरे कमी असतात तेव्हा टर्बो पुरती हवा देत नाही. न जळलेलं तेल धूर होऊन जातं, ते परवडलं. उशिरा जळत राहिलं की ते पिस्टन तापवतं, टर्बोची पाती तापवतं. एंजिन उघडलं की लाखाच्या खाली बिल नाही. मग किती हप्ते थकतील?"

भाचा पिस्टन हातात घेऊन बराच वेळ बसला. मी त्याला म्हटले, "थकलेले हप्ते माझ्या पेन्शनीतून भरू. तू ते मला सावकाश दे. पण पंपाला जेवढे पचेल तेवढेच वाढायचे." तो "बरं मामा" इतकेच म्हणाला. पाच सीसींचा विषय त्या खोलीत पुन्हा निघाला नाही. जामीनदाराने कर्जदाराचे हप्ते भरणे हे व्यवहारात बसत नाही, असे पुढे माझ्या कुटुंबाने मला सुनावले. ते तिचे म्हणणे मी लक्षपूर्वक ऐकून घेतले.

तिसऱ्या दिवशी पंप गाडीवर चढला. आता तेल किती, हा प्रश्न मिटला होता; केव्हा, हा उरला होता. तेल लवकर सुटले तर एंजिन ठोकते, उशिरा सुटले तर ओढ जाते आणि धूर येतो. पिस्टन शिखरास पोचण्याच्या ठराविक अंश आधी पहिल्या सिलिंडरास तेल सुटले पाहिजे. मेस्त्रींनी पहिल्या नळीच्या जागी बगळ्याच्या मानेसारखी वाकविलेली एक नळी बसविली. तिच्यातून डिझेलची धार वाहू लागली. भाचा एंजिनाचे चाक हाताने, पान्याच्या जोरावर, इंच-इंच फिरवू लागला. धार बारीक झाली, मग तुटली, मग थेंब पडू लागले. "गुरुजी, दोन थेंबांतलं अंतर मोजा," मेस्त्री मला म्हणाले. घड्याळ होते, पण मला त्याची सवय नाही. मी मनात अनुष्टुभाचे चरण म्हणत मोजू लागलो. एका थेंबापासून दुसऱ्यापर्यंत पंधरा-वीस सेकंद लोटू लागले तेव्हा मेस्त्रींनी "बस्स" म्हटले, चाकावरची खूण पाहिली, पंप केसभर कलता केला आणि सर्व पुन्हा मोजून घेतले. माझे छंदःशास्त्र मोटारीच्या उपयोगी पडल्याचा हा माझ्या आयुष्यातील पहिला प्रसंग. जाता जाता त्यांनी मला सहा सिलिंडरांचा पेटण्याचा क्रमही शिकविला: १, ५, ३, ६, २, ४. त्यात एक डोल आहे. परतताना मी तो पाठ केला.

एकूण बिल एकोणीस हजार रुपये झाले. नऊ तेथेच दिले. उरलेले हळदीच्या हंगामात द्यावेत असे मेस्त्रींनीच सुचविले. एक सूचना त्यांनी भाच्याला दोनदा बजावली: घाट चढून आल्यावर एंजिन लगेच बंद करू नये, दोन-तीन मिनिटे संथ चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहते. धावत आलेल्या बैलाला एकदम पाणी दाखवू नये, तसेच हे.

पासिंगच्या दिवशी धूरमापकावर ४१ आकडा आला. खंबाटकी गाडी पुन्हा तिसऱ्या गिअरवर चढू लागली. लीटरमागे साडेतीन किलोमीटरांवर आलेली चाल सव्वाचारांच्या आसपास गेली, आणि खरे पाहता भाच्याचा हप्ता त्या पाऊण किलोमीटरानेच वाचविला. शेजारच्या वाहतूकदाराची गाडी घाटात त्याला अजून मागे टाकते, याची त्याला खंत आहेच. ती काढून टाकण्याचे औषध मेस्त्रींकडे नव्हते.

मेस्त्रींचा धंदा मात्र उतरणीस लागला आहे. धुराचे नियम कडक होत गेले तशी नवी एंजिने संगणकावर आली. १ एप्रिल २०१७पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे नियम लागू झाले, आणि नव्या मालमोटारींतून हे पंप गेले. धुराच्या बाबतीत नवी एंजिने सरस आहेत, यात शंका नाही. जुन्याच्या प्रेमाने काळ्या लोटाचे समर्थन करणाऱ्यांपैकी मी नव्हे. मेस्त्रींकडे आता ट्रॅक्टर येतात, जनित्रे येतात, भाच्यासारख्यांच्या जुन्या गाड्या येतात. त्यांचा मुलगा पुण्यास संगणक लावून नव्या गाड्यांचे दोष शोधतो. टेबल कोणाकडे जाणार असे मी विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "भंगारवाला तयार आहे. अजून मी नाही." ज्याचा वर्ग दरवर्षी एकेका बाकाने लहान होत गेला, त्या मास्तराला हे उत्तर चटकन समजले.

निघण्यापूर्वी त्यांनी त्या स्क्रूभोवती बारीक तार ओवली, तिच्या टोकांवर शिशाची गोळी ठेवली आणि पकडीने दाबून चपटी केली. दर महिन्याच्या पाच तारखेच्या सुमारास भाचा हप्त्याची पावती दाखवावयास साताऱ्यास येतो. पावती पाहून झाली की मी चष्मा पुसून गाडीकडे जातो. परवा त्या शिशावर तेलकट धुळीचा थर बसला होता. चिंधीने पुसून पाहिले. तार शाबूत होती.